नकटीच्या लग्नाच्या यजमानांस

प्रति,
श्री. ब्रीडर महाशय,
दुसरा मजला, नारायण पेठ,
पुणे ४११०३०



सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या पग मादीला परवा रात्री चार पिल्लं झाल्याचं जिन्यात कळलं. पेढे अजून खाली आलेले नाहीत, पण ते समजू शकतो. आधी सिझेरियनचं बिल भागवायचं असेल. मागच्या खेपेला सिझेरियन, त्याच्या मागच्या खेपेलाही सिझेरियन. एकाच पोटावर तिसऱ्यांदा टाके पडले, की माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर घरच्या मंडळींना बाजूला घेऊन चार शब्द सुनावतात. या कुत्रीच्या घरची मंडळी म्हणजे तुम्हीच, आणि तुम्हाला बाजूला घेणारं कुणी नाही. म्हणून ते काम मी अंगावर घेतलंय. बाजूला न घेता चव्हाट्यावर घेतोय, एवढाच फरक.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं आपल्या आज्या म्हणायच्या. त्यांनी पग पाहिला नव्हता, नाही तर आकडा वाढवून सांगितला असता. इथे नवरदेवाला बोहल्यावर चढतानाच धाप लागते, म्हणून यजमानांना हात लावावा लागतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टर नळीनं काम उरकतात. गर्भ राहिला तर पिल्लांची डोकी वाटोळी आणि मोठी, आईचा कटिभाग अरुंद, म्हणजे वाट बंद. चुकून वाट मिळालीच, तर पिल्लाभोवतीची पिशवी फोडायला आणि नाळ तोडायला आईनं जबडा पुढे न्यायचा असतो, आणि पुढे न्यायला जबडा तुम्ही शिल्लक ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगच्या ८६ टक्के आणि फ्रेंच बुलडॉगच्या ८१ टक्के बाळंतपणांत पोट कापावं लागल्याचं आढळलं. शस्त्रक्रियेच्या टेबलाशिवाय ज्यांची पुढची पिढी जन्मत नाही, त्यांना जंगलात जागा नसते. नारायण पेठेत असते. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

तुमच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत लावलेली वंशावळ मी वाचली आहे. (चहाला बोलावलं होतंत. चहा फक्कड होता.) तीन पिढ्यांची नावं, सगळी विलायती आणि भारदस्त. वाचता वाचता एके ठिकाणी अडखळलो. एकच चॅम्पियन एका रेघेवर बाप म्हणून होता आणि दुसऱ्या रेघेवर आजोबा म्हणून. मला वाटलं, टाइप करणाऱ्याची चूक. तुम्ही हसून म्हणालात, ‘याला लाइन ब्रीडिंग म्हणतात, काका. रक्त पक्कं होतं.’

महाशय, तुमच्या थोरलीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट मला आठवते. मुलगा शिकलेला, नोकरी उत्तम, स्वतःचं घर, घरची माणसं सालस. सगळं जुळलं आणि गोत्र एक निघालं. तुम्ही पत्रिका परत पाठवलीत. दोघांचा मूळ पुरुष हजारो वर्षांपूर्वीचा एकच ऋषी असावा, एवढ्या संशयावर तुम्ही चांगलं स्थळ सोडलंत. आणि त्याच घरात, त्याच सोफ्याशेजारी, बाप-लेकीची सोयरीक जमवून वर तिचा कागद भिंतीवर टांगलात. कुत्र्यांना गोत्र नसतं हे कबूल. पण गोत्राच्या नियमामागे काही शहाणपण असेल, तर ते हेच की एकाच घरातला दोष दोन्ही बाजूंनी येऊन लेकराच्या डोक्यावर बसू नये. ते शहाणपण तुम्हाला लेकीसाठी कळलं, मादीसाठी नाही.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली ब्रिटनमधल्या नोंदणीकृत कुत्र्यांच्या वंशावळी तपासल्या. तिथल्या सुमारे १० हजार पगांमध्ये मिळून जी जनुकीय विविधता निघाली, ती जेमतेम ५० कुत्र्यांत मावेल एवढीच होती. म्हणजे हजारोंचा समाज, पण सगळे एकाच घरचे. तिथल्या केनेल क्लबनं बाप-लेक, आई-मुलगा आणि भावंडं यांच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद केली ती २००९ साली. क्लबची स्थापना १८७३ची. १३६ वर्षं लागली त्यांना एवढं सुचायला. तुम्ही अजून वेळेत आहात म्हणायचं.

आता तुमच्या ‘हजारो वर्षांच्या शुद्ध जाती’कडे येतो. गिऱ्हाइकाला तुम्ही हेच सांगता, मी खालच्या ओट्यावरून ऐकतो. आपल्या पेठेला ज्यांचं नाव आहे ते नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून गेले १७७३ साली. कुत्र्यांचं जगातलं पहिलं म्हणता येईल असं प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं ते १८५९ साली. कुणाचं नाक किती असावं, कान कुठे लोंबावा, पाठ किती उतरावी, याचे लेखी नियम त्याच्याही नंतरचे. तेव्हा तुमच्या त्या प्राचीन शुद्धतेपेक्षा आपली पेठ थोरली आहे. न्यूकॅसलच्या प्रदर्शनात दोनच शिकारी जाती होत्या, पॉइंटर आणि सेटर. बक्षीस बंदुकीचं. निकाल असा लागला की पॉइंटरांच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरांत पहिला, आणि सेटरांच्या परीक्षकाचा कुत्रा पॉइंटरांत पहिला. धंद्याचा पाया किती स्वच्छ घातला गेला, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगितलं.

पग त्याआधीही होता, हे मान्य. पण तो कसला पग! विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं आणि पुढ्यात आपला पग बसवला. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कुत्र्याचं नाव ट्रम्प; त्यात माझा काही दोष नाही. त्या ट्रम्पला चांगलं पुढे आलेलं तोंड आहे, श्वास घ्यायला नाक आहे, उभं राहायला पाय आहेत. तो आज तुमच्या दारात आला, तर ‘क्रॉस दिसतोय’ म्हणून तुम्ही त्याला पायऱ्या उतरायला लावाल. आणि तो धापा न टाकता उतरेल.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं समजून आपले पूर्वज गप्प बसले. तुमच्या मंडळींनी त्यांना खोटं पाडलं. शेपूट मागणीप्रमाणे मिळतं, सरळ हवं तर सरळ, वाकडं हवं तर हवं तितकं. पगच्या अधिकृत वर्णनात शेपटीला दोन वेटोळी असणं सर्वांत उत्तम मानलेलं आहे. शेपूट म्हणजे कण्याचंच टोक. टोकाला मणके पिळवटण्याची हौस केली, की ती टोकालाच थांबेल याची हमी कुणी द्यायची? आखूड, पिळदार शेपटीच्या जातींत पाठीतले मणकेही अर्धवट वाढलेले सापडतात, मग मागचे पाय लटपटायला लागतात. पण प्रदर्शनात परीक्षक पाठीमागून वेटोळी मोजतो, क्ष-किरणांचं चित्र मागत नाही.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडतो तो बॅरीचा किस्सा. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमचा धंदा त्याच्या इतका थोडक्यात कुणी सांगितलेला नाही. आल्प्समधल्या सेंट बर्नार्ड खिंडीत साधूंचा मठ आहे. तिथे बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधायला कुत्रे असत. बॅरी त्यांतला सर्वांत गाजलेला, जन्म १८००, मृत्यू १८१४. त्यानं चाळीसहून अधिक माणसं वाचवली असं सांगतात. गेल्यावर त्याचं कातडं पेंढा भरून बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवलं. जिवंतपणी त्याचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलोच्या आसपास असावं, म्हणजे बर्फातून धावू शकेल असा आटोपशीर गडी. पुढे त्या जातीत न्यूफाउंडलंडचं रक्त मिसळलं, केस लांब झाले, आणि त्या केसांवर बर्फाचे गोळे धरायला लागले. बर्फात माणसं वाचवणारा कुत्रा बर्फानं जड होऊन बसला. मग प्रदर्शनवाल्यांनी डोकं वाढवलं, अंग वाढवलं. आजचा सेंट बर्नार्ड सहज साठ-सत्तर किलोंच्या पुढे जातो. आणि १९२३ साली संग्रहालयानं पेंढा भरलेला बॅरी दुरुस्तीला काढला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा काही सेंट बर्नार्डसारखा दिसत नाही. झालं. त्यांनी मेलेल्या कुत्र्याच्या डोक्याचा आकार बदलला, नव्या जातीला शोभेल असा केला. ज्याच्यावरून जात ओळखायची तोच नापास, म्हणून मरणोत्तर सुधारणा! तुमच्या दिवाणखान्यात बॅरीचा फोटो असायला हवा. दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, शेजारी-शेजारी.

असो. तुमच्या पगकडे वळू, कारण तुम्ही माझ्या डोक्यावर राहत असल्यानं मला रोज त्याचंच ऐकू येतं. ‘काका, किती गोड घोरतो ना?’ असं तुमचा धाकटा मला म्हणाला. घोरत होता तो झोपेत नाही, उभ्या-उभ्या, जेवताना, दुपारी अडीच वाजता. महाशय, तुम्ही लोकांनी कुत्र्याच्या चेहऱ्याची हाडं आखूड केलीत आणि आतलं सामान कमी करायला विसरलात. आपल्या पेठेत वाडा पाडून त्या कुटुंबाला एका खोलीचा फ्लॅट दिला, आणि वाड्यातला झोपाळा, देव्हारा, दोन लोखंडी कपाटं आणि आजोबांची आरामखुर्ची त्यातच कोंबली, तर दारातून आत शिरायला जी कसरत करावी लागते, ती कसरत पगच्या घशात हवेला करावी लागते. टाळूचा मऊ भाग होता तेवढाच, तो मागे लोंबून श्वासनलिकेच्या तोंडावर येतो. जीभ होती तेवढीच, ती मावत नाही. नाकपुड्या म्हणजे दोन चिरा. ज्याला तुमचं घर गोड म्हणतं, ते त्याचं हवा ओढणं आहे. यात तुम्ही एकटे नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांच्या कुत्र्यांना श्वास घ्यायला उघड त्रास होत होता, अशा मालकांपैकी ५८ टक्के मालक म्हणाले, आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही. ‘या जातीला असंच असतं,’ म्हणे. जातीचं असलं की त्रास त्रास राहत नाही, ते खानदानी लक्षण होतं.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून हवा खेळवायची, आणि अंग थंड ठेवायचं, हा त्याचा उपाय. नाकच छाटलं, म्हणजे पंखा काढून घेतला. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तुम्ही पगना संध्याकाळी पाच वाजता नदीपात्रातल्या रस्त्यावर फिरायला नेता. तापलेला डांबरी रस्ता, वर धूळ, आणि खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर ती चार चपटी तोंडं. परत येताना दोघांना उचलून आणता आणि म्हणता, ‘लाडावलेत.’ डोळ्यांचं तर बोलायलाच नको. खोबण इतकी उथळ की जोराची धडक बसली तर डोळा बाहेर येतो. सुरकुत्यांत ओल धरते, त्यात जंतू; रोज कापसानं पुसायचं काम तुम्ही कामवाल्या मावशींवर सोपवलंत, हेही ठाऊक आहे.

त्याच रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ साली सांगून टाकलं की आरोग्याच्या दृष्टीनं पगला आता सामान्य कुत्रा म्हणता येणार नाही. श्वसनमार्ग अडण्याचा विकार त्याला इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट अधिक होतो. त्याच वर्षीच्या ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात पगचं सरासरी आयुष्य साडेसात वर्षांच्या आसपास निघालं, सर्व कुत्र्यांचं मिळून अकरा वर्षांच्या थोडं वर, आणि जॅक रसेल नावाच्या लांब तोंडाच्या चपळ कुत्र्याचं बारा वर्षांच्या वर. साडेतीन वर्षं उडाली, महाशय. कुठे गेली? नाकाबरोबर.

तुमचं उत्तर तयार आहे: गिऱ्हाईक मागतं ते मी देतो. अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यापुरता मी गिऱ्हाइकालाही सोडणार नाही. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि घराघरांत टफीसारखा पांढरा स्पिट्झ हवा झाला. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत गोव्याच्या रस्त्यांवर एका मुलाच्या मागे-मागे पग चालला, आणि बघता-बघता सगळा देश पगच्या मागे लागला. त्या जाहिरातीचा मथितार्थ असा की आमचं नेटवर्क तुमच्या मागे कुठेही येईल. त्यासाठी निवडला कोण, तर जो पुण्याच्या उन्हात केळकर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा तर मध्येच बसेल. मग आला सायबेरियन हस्की, दोन थरांची लोकर पांघरून, बर्फात गाड्या ओढायला घडवलेला. तो आता हडपसर-वाकडच्या सोसायट्यांत एसीखाली पडून असतो, आणि वीजबिल बघून मालक त्याला ‘गावी’ सोडायचा विचार करत असतात. हे सगळं गिऱ्हाइकाचं पाप. पण दुकान कुणाचं?

आणखी एक युक्तिवाद तुम्ही कराल, तोही मी ऐकून ठेवलाय: माणूस हजारो वर्षं कुत्रे निवडतच आला, मग आताच ओरड का? अगदी बरोबर. माझं भांडण निवडीशी नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी, मालोजीरावांनी, त्या भागातल्या धावऱ्या शिकारी कुत्र्यांतून वेचून पैदास केली. त्यांची एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट गेली. मराठवाड्यात त्याचीच भावकी कारवानी म्हणून हिंडते, लांब केसांची असेल तर पश्मी. या निवडीत परीक्षक कोण होता? ससा. ससा पळाला आणि कुत्रा पोहोचला तर कुत्रा चांगला, नाही पोहोचला तर त्याची पिल्लं कुणी मागत नसे. सशाला कुणी ओळखीचा नव्हता आणि त्याचा स्वतःचा कुत्राही स्पर्धेत नव्हता. म्हणून आजही मुधोळचं नाक लांब आहे, छाती खोल आहे, आणि २०१६ साली लष्करानं मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणाला घेतलं. २००५ साली तो टपाल तिकिटावर आला. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांचं कौतुक केलं, आणि आता तोही तुमच्यासारख्यांच्या यादीत चढला असेल. त्याला दीड खोलीत कोंडायची घाई करू नका. त्याला धावायला जागा लागते, आणि आपल्या पेठेत गणपतीच्या दहा दिवसांत माणसाला उभं राहायला जागा नसते.

आणि शुद्धतेचंच म्हणाल तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. त्याच्या तीन पिढ्यांचा कागद कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. तुमच्या देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आहेत. नीट बघा, चौघांनाही नाक आहे.

परदेशात आता हात आवरायला सुरुवात झाली आहे. नेदरलँड्सनं २०१९पासून नियम लावला, की नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या तीन दशांशांहून कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. पट्टी लावून मोजतात, ओळख चालत नाही. नॉर्वेतल्या खटल्याचा पहिला निकाल २०२२ साली लागला. बुलडॉगवाले अपिलात सुटले, पण कॅव्हेलियर जातीची पैदास सर्वोच्च न्यायालयापर्यंत बेकायदाच ठरली. तुम्ही म्हणाल, ते श्रीमंत देश. बरं, आपल्याकडे या. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे केंद्र सरकारचे नियम २०१७चे आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय धंदा करायचा नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत हात लावायचा नाही. आयुष्यात पाचांहून जास्त वेळा विणवायची नाही. बाप-लेक, भावंडं, आजा-नात यांची सोयरीक जमवायची नाही; म्हणजे तुमच्या भिंतीवरची ती चौकट कबुलीजबाब म्हणून वाचली जाईल, जरा आत हलवा. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही.

तेव्हा थोडक्यात विचारतो, लेखी उत्तर द्यावं. नोंदणी क्रमांक कोणता? प्रमाणपत्र घरात दर्शनी भागात असायला हवं; मला वंशावळ दिसली, ट्रॉफ्या दिसल्या, कुलदैवताचा टाक दिसला, ते दिसलं नाही. दिवाळीच्या सुमारास कोथरूडच्या त्या जोडप्याला चपलांच्या खोक्यात घालून जे पिल्लू दिलंत, ते किती दिवसांचं होतं? त्याचे डोळे नुकते उघडले होते, असं त्या बाई लिफ्टमध्ये आनंदानं सांगत होत्या. या मादीच्या आधीची जी होती, रूबी, ती चार वर्षं तुमच्याकडे दर वर्षी विणत होती आणि एके दिवशी दिसेनाशी झाली. ‘फार्महाउसवर दिली’ असं तुम्ही म्हणालात. फार्महाउसचा पत्ता कळवावा. मी जाऊन भेटून येईन, एसटीचं भाडं माझं.

पिल्लांची नावं ठेवली असतील तर तीही कळवा. एकाचं ट्रम्प ठेवावं अशी सूचना आहे. मोठ्या नाकाच्या पूर्वजाची आठवण म्हणून.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
पहिल्या मजल्यावरचा काका

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ. (पोचपावती मिळाली आहे.)